उतरलेलं वजन

बाळंतपणानंतर घरातल्या धाकट्या सुनेचं वजन अठरा किलोंनी वाढलेलंच राहिलं. गरोदरपणात तिची साखरही चढली होती, पण बाळ झालं आणि उतरली, म्हणून पुन्हा तपासायला कोणी गेलं नाही. ती बँकेत कामावर रुजू झाली, तेव्हा एका बाईंनी विचारलं, "कितवा महिना?" तिने हसून वेळ मारून नेली आणि घरी येऊन नळ सोडून रडली.

बाळ नऊ महिन्यांचं झालं आणि वजन आपोआप उतरायला लागलं. व्यायाम नाही, पथ्य नाही. बँकेतल्या बायका गुपित विचारू लागल्या. तीही खुशीत होती. तहान फार लागायची, पण अंगावर पाजणारीला लागतेच. थकायचीही, पण तान्ह्या बाळाची आई थकणार नाही तर काय!

एका सकाळी बाळाला भरवता भरवता ती कोसळली. दवाखान्यात साखर सहाशेच्या वर निघाली. दोन दिवस डॉक्टरांनी शर्थ केली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

डॉक्टर बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तीन महिन्यांत एवढं वजन उतरलं. घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

थोरली जाऊ बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती.

"आलं होतं ना," ती म्हणाली. "दर पंधरा दिवसांनी तिचे सैल झालेले ड्रेस मीच टीप मारून आत घेऊन देत होते. एक अजून शिलाई मशीनवरच आहे."