जर्मनची होडी

तळ्याचा तळ भेगाळला होता आणि त्या भेगांवर दोन होड्या उन्हात चमकत होत्या. दोन्ही जर्मनच्या. अ‍ॅल्युमिनियम म्हणायला गावात कुणाची जीभ वळत नव्हती. चुलीवरची पातेली जर्मनची, तशी होडीही जर्मनची. मच्छीमार संस्थेच्या ऐपतीत या दोनच बसत होत्या आणि त्यांतली एक ठेवून घ्यायची होती. दुसरी आजच त्याच ट्रकनं सोलापूरला परत जाणार होती. पुन्हा बदलून मिळणार नव्हती.

एक लांब, कोरी, तोंड दिसेल अशी. दुसरी आखूड, वापरलेली, बुडाला ठिगळ. पसंतीला डोकं लागत नव्हतं. संस्थेचे चेअरमन दगडोबा कोऱ्या होडीभोवती दोनदा फिरले आणि बाजारात मडकं घेताना मारतात तशी तिला टिचकी मारली.

"खणखणीत हाय," ते म्हणाले. गडीमाणसांनी माना हलवल्या.

"वाजतंय म्हून तरंगतंय व्हय, मामा?"

कडूबाई बोलली. संस्थेत बाई म्हणून ती एकटीच. तिचा नवरा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकायला गेला होता आणि पाण्याखालच्या बाभळीच्या काट्यानं ट्यूब फाटली होती. त्याच्या जागी संस्थेत ती आली. त्याच्या जागी ट्यूबवर तिचा लेक बिरदेव बसू लागला. त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. होडी हवी म्हणून सगळ्यांत जास्त तीच मागं लागली होती.

ट्रकबरोबर आलेला दुकानातला माणूस, पंचाक्षरी, भला होता. तो म्हणाला, "आक्का, पाण्यात टाकून दाखवली असती. पण पाणी कुठाय?"

सगळ्यांनी तळ्याकडं बघितलं. याच गावच्या बायांनी बहात्तरच्या दुष्काळात पाट्या वाहून त्याचा बांध घातला होता. आता बांध होता, पाणी नव्हतं.

"घागर घिताना आपन ती तळ्यात नेतो व्हय? पानी भरून बगतो."

लोक हसले. दगडोबांनाही हसू आलं. "आगं, होडीत पानी भाईरनं येतंय. घागरीसारखं आतनं जात न्हाय."

"भोकाला आत-भाईर कळतंय व्हय, मामा?"

हसणं जरा कमी झालं. कडूबाई घरी गेली आणि डोक्यावर घागर घेऊन आली. सकाळच्या टँकरची. पुढचा टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही सांगता येत नव्हतं.

"आये, प्यायचं पानी हाय त्ये!" बिरदेव ओरडला. चार माणसांत त्याला लाज वाटत होती.

तिनं घागर कोऱ्या होडीत उपडी केली.

आता हसायला कुणी उरलं नाही. पाणी सांडल्यावर माणूस हसत नाही, निदान त्या साली तरी. दोघांनी होडी एका बाजूनं उचलली, पाणी कडेच्या सांध्याकडं सरकलं आणि पत्रे जोडणाऱ्या रिबिटांच्या रांगेतून एक थेंब बाहेर आला. मग शेजारचा. मग रांगच्या रांग गळायला लागली. खालच्या भेगांनी ते पाणी आवाजही न करता पिऊन टाकलं.

"पान्यात टाकली की फुगंल, बसंल," पंचाक्षरी म्हणाला, पण हळू आवाजात.

"लाकूड फुगतंय, बाबा," दगडोबा म्हणाले. "जर्मन न्हाय फुगत." आणि ज्या बोटानं टिचकी मारली होती ते त्यांनी धोतराला पुसलं.

राहिली ठिगळाची. तिच्याकडं सगळे बघत होते, कडूबाईच्या रिकाम्या घागरीकडं कुणी बघत नव्हतं. ती घागर तिनं कमरेला तशीच धरली होती. दुसऱ्यांदा ओतायला तिच्याकडं काही नव्हतं, आणि मागायचं कुणाकडं? पाणी मागण्यापेक्षा सोनं मागणं सोपं होतं.

बांधावर बाया तमाशा बघायला जमल्या होत्या. त्यांच्यातून दगडोबांची बायको मथुराबाई उठली आणि घराकडं गेली. तिला बघून आणखी चौघीपाचजणी उठल्या. नवऱ्यांनी डोळे वटारले. बायांनी तिकडं पाहिलंच नाही.

मथुराबाईनं आधी पदरानं होडीचा तळ पुसून घेतला. मग घागर ओतली. दुसरीनं ओतली, तिसरीनं ओतली. गड्यांनी होडी या कुशीवर, त्या कुशीवर कलवली. ठिगळाच्या कडा ओल्या झाल्या नाहीत. दगडोबा मातीत आडवे पडून बुडाखाली हात फिरवत राहिले आणि कोरडा हात वर करून त्यांनी सगळ्यांना दाखवला.

ट्रक कोरी होडी घेऊन गेला. पंचाक्षरीनं जाताना कडूबाईला हात जोडले.

मग बाया आपापलं पाणी परत न्यायला बसल्या. मथुराबाईनं घागरीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि तांब्यानं पाणी गाळून घ्यायला सुरुवात केली. घागर भरली तेव्हा कडूबाईच्या ध्यानात आलं की ती आपणच खाली ठेवलेली आपली घागर आहे.

"आवं, माझं पानी तर मातीत गेलं. ह्ये तुमचं हाय."

"गप बस," मथुराबाई म्हणाली. "बिरदेव येकलाच बसनार हाय का हिच्यात? आमची पोरं न्हाईत व्हय?"

कडूबाईला रडू आलं ते तिनं तसंच येऊ दिलं.

सगळ्यांच्या घागरी थोड्या थोड्या उण्या भरल्या. शेवटी तळाशी ओंजळभर पाणी उरलं, तांब्यात येईना असं. दगडोबा उपरणं काढून ते पुसायला वाकले.

"ऱ्हाऊ द्या, मामा," कडूबाई म्हणाली. "तळं भरंस्तवर तिला पान्याची वळख तरी ऱ्हाईल."