मायना

उमरग्याचे निवृत्त ग्रंथपाल कल्याणप्पा सहा वर्षांनी त्या ऑनलाइन खेळात परतले. राक्षस, किल्ले आणि जादूगारांचा तो जुना खेळ त्यांना लेक शिवलीलानं शिकवला होता. पुढं तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, यांनी दार लावून घेतलं; आता तिचा नंबरही त्यांच्याकडे नव्हता. आज सायंकाळी सहाला तो खेळ कायमचा बंद होणार होता.

पावणेसहाला जुन्या पुलावर तिची धनुर्धारी उभी दिसली. त्यांनी भीतभीत घरातला नेहमीचा नमस्कार लिहिला, "शरणू."

"शरणू, अप्पा! तुमचा जादूगार अजून झाडाआडच लपतोय व्हय?" लगेच उत्तर आलं. मग जरा थांबून तिनं विचारलं, "घरी येऊ का?"

त्यांचे डोळे भरून आले. 'चि. शिवलीलास' हा मायना त्यांना कोरडा वाटला, म्हणून खोडला. आधी माफी मागावी, की जावयाची खुशाली विचारावी? एका बोटानं लिहीत, ऱ्हस्व-दीर्घ तपासत त्यांनी चार ओळी जुळवल्या. तेवढ्यात सहा वाजले आणि पडदा काळा झाला.



पत्र जवळजवळ पुरं झालं होतं. फक्त शेवटी 'ये' लिहायचं राहिलं होतं.