अर्ध्या अंशाचा फरक

गणित कधी खोटं बोलत नाही. आपण विचारलं नाही तर गप्प बसतं, एवढंच.

पॉइंटरावांना हे कळायला एकवीस दिवस लागले. पॉइंटराव हे त्यांचं ऑफिसातलं नाव. "दहा मिनिटांत येतो" असं ते आयुष्यात कधी म्हणाले नव्हते, नऊ पॉइंट पाच म्हणत. त्यांचं काम कॉम्प्युटरमध्ये ऊन पाडण्याचं. छपरावरचे सौर पॅनेल, उन्हाच्याच तापावर चालणारं गारव्याचं यंत्र आणि खालची खोली, हे सगळं ते आधी पडद्यावर बांधायचे, त्यावर वर्षभराचा उन्हाळा सोडायचे आणि खोलीत कुठल्या तासाला किती अंश राहतील ते सांगायचे. ज्या खोलीत बसून हे चाले, तिथला पंखा फक्त आवाज करायचा.

त्यांचं पहिलं खरंखुरं यंत्र बसलं ते आठ तासांच्या अंतरावरच्या सरकारी इस्पितळात, लांबच्या मुक्कामाच्या पेशंटांच्या वॉर्डात. बत्तीस खाटा. बाहेर चव्वेचाळीस अंश, आत सव्वीस, असं गणिताचं म्हणणं. पॉइंटरावांची आई त्याच गावात राहायची. ती पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा गल्लीतलं खासगी इस्पितळ सोडून त्यांनी तिला वशिला लावून या वॉर्डात ठेवलं. पोरगा असावा तर असा, असं नातेवाईक म्हणाले.

वॉर्डाची सिस्टर दिवसातून तीनदा तापमान कळवायची. पहिले दोन दिवस आकडे बरेच वर गेले. पॉइंटरावांनी मेलने रीतसर खुलासा मागवला. नवं यंत्र आहे, अंगवळणी पडायला वेळ लागणारच, असं ऑफिसात सगळ्यांचं मत पडलं. आणि खरोखरच तिसऱ्या दिवसापासून यंत्र सुतासारखं सरळ आलं. गणित सव्वीस पॉइंट एक म्हणे, सिस्टर सव्वीस पॉइंट दोन. अर्ध्या अंशापलीकडे फरक म्हणून नाही. साहेबांनी हेच यंत्र आणखी बारा इस्पितळांसाठी पुढे सरकवलं.

तक्रार करणारं माणूस एकच होतं, आणि ते घरचं होतं.

"भाजतंय रे," आई फोनवर म्हणाली.

"आई, सव्वीस पॉइंट दोन आहे तिथे."

"कुठे?"

"तुझ्या वॉर्डात."

आई म्हणाली, "असेल. तू मोजलंयस म्हणजे असेल."

वयाप्रमाणे होतं असं, अशी पॉइंटरावांनी मनाची समजूत घातली. बायकोची काही पटेना. ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाला 'पंखा लाव' म्हटलं नाही, ती गरम होतंय म्हणते तर होत असणारच, असं ती दोनदा म्हणाली. पॉइंटरावांनी तिला आलेख दाखवला. आलेखाला घाम येत नाही, असं म्हणून ती उठून गेली.

हे वाक्य त्यांच्या डोक्यात कुसळासारखं राहिलं. विसाव्या दिवशी सकाळी त्यांनी गणित पहिल्यापासून तपासायला घेतलं. भिंती बरोबर होत्या. खिडक्या बरोबर. सूर्य जागच्या जागी. दुपारी एका रकान्याशी त्यांचं बोट थांबलं. 'खोलीतील माणसे' असा तो रकाना, आणि त्यात शून्य. चाचणीच्या वेळी काम लवकर उरकावं म्हणून त्यांनी स्वतःच ते घातलं होतं आणि बदलायचं विसरले होते.

अंगाची ऊब म्हणजे थट्टा नव्हे. नुसता पडलेला माणूससुद्धा जुन्या शंभर वॅटच्या दिव्याइतका खोली तापवतो. बत्तीस पेशंट, उशापायथ्याशी त्यांचे नातेवाईक, पन्नास तर झालेच. पॉइंटरावांनी शून्याच्या जागी पन्नास घातले. गणिताने आढेवेढे न घेता चौतीस पॉइंट तीन सांगितलं.

म्हणजे आई बरोबर होती. पण मग सिस्टर?

ते साहेबांकडे गेले. बारा इस्पितळं थांबवा, म्हणाले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नोंदींचा कागद पुढे ढकलला. प्रत्यक्ष वॉर्ड जर गणिताशी जुळतोय, तर चूक कुणाची झाली, वॉर्डाची? आकडे जुळत होते. चुकलेलं गणित बरोबर येत होतं, आणि पॉइंटरावांना आयुष्यात पहिल्यांदा बरोबर उत्तराची धडकी भरली. एक तर तिथला तापमापक खोटा होता, नाही तर आई. आणि तापमापक खोटा असेल, तर आईला त्या चौतीस अंशांत त्यांनी स्वतःच्या हाताने नेऊन निजवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ते निघाले. दुपारी वॉर्डाबाहेर सिस्टरच्या टेबलाशी पोचले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. सिस्टरने आदबीने खुर्ची दिली, नोंदवही उघडून दिली. अक्षर मोत्यासारखं. तापमापकही दाखवला, पॉइंटरावांनी बॅगेतला स्वतःचा काढून शेजारी धरला. दोन्ही एकच आकडा दाखवत होते.

मग त्यांनी सांगून टाकलं.

"सिस्टर, चूक माझी आहे. माझ्या गणितात माणसंच धरलेली नव्हती. भरलेल्या वॉर्डात सव्वीस येऊच शकत नाही."

"नाहीच येत, सर," सिस्टर म्हणाली. "पहिले दोन दिवस कुठे येत होतं? दोन दिवसांत तुमची पाच पत्रं आली, फरक का पडतो त्याचा खुलासा द्या म्हणून. मोठे डॉक्टर माझ्यावर उखडले."

तिने वही मिटली आणि रुमालाने कपाळ टिपलं.

"तिसऱ्या दिवसापासून पेशंट मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत."