पहिला घास

वरच्या मजल्यावरचा शेजारी आमच्या जेवणात विष कालवतो, असं ताईच्या डोक्यात बसलं आणि बघता बघता माझ्याही. घरात आम्ही दोघीच, दिवसभर समोरासमोर शिलाई मशीनवर. विष आत येऊ नये म्हणून दाराच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबून आम्ही अकरा वर्षं काढली.

शेवटी डॉक्टरांनी आम्हाला वेगळं ठेवलं. "मूळ आजार मोठीचा. तुम्हाला तो तिच्या सहवासाने जडलाय, लांब राहिलात की उतरेल," ते म्हणाले. तसंच झालं. चार महिन्यांत मी ठणठणीत बरी झाले. शेजाऱ्याची माफी मागायला गेले, तर बिचाऱ्याला कशाचा पत्ताच नव्हता.

ताईला मात्र औषधाचा गुण येईना. काल तिला भेटायला वॉर्डात गेले. डबा उघडून ताट वाढलं आणि मी घास उचलणार, तेवढ्यात तिने ताट स्वतःकडे ओढलं. पहिला घास तिने खाल्ला, डोळे मिटून शंभरपर्यंत आकडे मोजले आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

"मला काही झालं नाही. खा आता, छकुले."

अकरा वर्षं ती रोज हेच करत आली होती.

नर्स हसून म्हणाली, "किती जीव आहे हो तुमच्या ताईचा तुमच्यावर!"

मी मान वर केली नाही.



जेवणात विष आहे, यावर तेव्हा माझाही तिच्याइतकाच विश्वास होता. तरी रोज पहिला घास मी तिलाच खाऊ दिला.