आदेशचा हंगाम

भीमाशंकरच्या जंगलातली पन्नास किलोमीटरची शर्यत पळायची म्हणून आदेशने सगळा हंगाम आखला. आधी छोट्या शर्यती, मग मोठ्या, शेवटी भीमाशंकरच्या आधी आराम. बाप खवळेल असं त्याला वाटलं होतं, पण जत्रांमधून बैलगाडा पळवणारा हौशीराम भलताच खूष झाला.

"आमी बैलांचं असंच करतो. आता शेतात पाऊल टाकू नको. गाड्याचा बैल औताला जुंपायचा नसतो!"

बैलांच्या खुराकातली अंडी आदेशला मिळू लागली.

शर्यतीहून तो लंगडत आला, गळ्यात मेडल.

"कितवा आला?" बापाने विचारलं.

"नंबर नाय, दादा. पण शर्यत पुरी केली. पुरी करणाऱ्या सगळ्यांनाच मेडल देत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी गोठ्यात गेली आणि आदेशच्या उशाशी खुरपं आलं.

"ऊठ, कांदा खुरपायचाय. आजपासनं तू औताचा."