नदी, नळ आणि मिशी

"याची नदी म्हणे समुद्राच्या ओढीनं रडते," मेंडोलिनवाल्याच्या नव्या सुरावटीची टर उडवत टेलर जिन्यात सगळ्या शेजाऱ्यांसमोर म्हणाला. "आमच्या मोरीतला नळ गळतो, त्यात याहून जास्त भक्ती आहे."

मेंडोलिनवाला तडकला. "तुझ्या वडिलांनाच विचार. त्यांना नदी वाटली तर भर गल्लीत तू मिशी भादरायचीस. नळ वाटला तर मी."

"लागली. थोबाड धुऊन तयार राहा."

टेलरचे वडील आठ महिने अर्धांगवायूनं आडवे, वाचाही गेलेली. होय-नाही विचारलं की नुसती मान हलवायचे. त्यांच्या एका शब्दासाठी टेलरनं देवापुढे किती नाक घासलं होतं, हे मात्र जिन्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी भिंतीपलीकडे मेंडोलिन सुरू झालं. टेलर खाटेशी बसून राहिला. तारा टिपटिपत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हाताऱ्याचे ओठ थरथरले.

"बाळ्या," ते म्हणाले, "तो नळ बंद कर की रे."

टेलर पैज जिंकला होता.

सकाळी गल्लीत न्हाव्यानं खुर्ची मांडली आणि तीत टेलरच जाऊन बसला. वीस वर्षांची मिशी मांडीवर पडली. पोरंटोरं शिट्ट्या मारायला लागली. मेंडोलिनवाला छाती काढून पुढे आला.

"काय, म्हणाले ना नदी?"

"जास्त शहाणपणा नको," टेलर बोडक्या ओठावरून हात फिरवत खेकसला. "संध्याकाळी परत वाजव. आणि कालच्याइतकंच भिकार वाजव."