वेगळ्या डब्यातलं पीठ

"सगळ्यासले पोयी नि मन्ही बहीनले भाकर?"

ललित ओट्यावरूनच ओरडला. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

चुलीपुढे चेतनाची सासू, शीलाबाई, भाकर थापत होती. सुनेच्या ज्वारीच्या पिठाचा डबा वेगळा, काथवट वेगळी, तवाही वेगळा. सुनेला जणू वाळीतच टाकलेलं. बाकीच्यांसाठी टोपलीत तूप लावलेल्या गव्हाच्या पोळ्या.

"ललितभाऊ, बठा तरी. डॉक्टरनी सांगेल शे..."

"डॉक्टरनं नावच नका काढू!"

डॉक्टर म्हटलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चेतनाचं रक्त लग्नाआधीपासून कमी. तळोद्याच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, शहाद्याच्याने बाटल्या चढवल्या. सिकलसेल तपासलं, तेही निघालं नाही. शेवटी सगळ्यांचं एकच तुणतुणं, पोरगी गोळ्या फेकत असेल. अरे, ललितने समोर बसवून गिळवल्या होत्या! मग कारण शोधायचं कोणी, पेशंटच्या भावाने?

आणि आधीच अंगात रक्त नाही, त्यात सासरी ही तऱ्हा. परवा चेतना फोनवर रडत होती. "भाऊ, सासू म्हने, तुले गहू चालाव नहीं. लगीनना मांडवमा बी जेवू देत नहीं." म्हणजे सुनेची लायकी भाकरीची! इकडे पाहुण्याला नुसती भाकर वाढली तरी गाव वर्षभर बोलतं.

त्याने बहिणीला मोटरसायकलवर बसवलं. शीलाबाई पिठाच्या हातांनी मागे धावली. "भाऊ, तिले गहू देऊ नका!"

"आयकं का?" ललित म्हणाला. "माहेरनं ताट बी हाईच ठरावनार!"

माहेरी आईने, नानीबाईने, सगळी कसर भरून काढली. सकाळी तुपातली पोळी, दुपारी गव्हाची बट्टी, संध्याकाळी शिरा. चेतनाचं पोट फुगायचं. जुलाब लागले.

"सासरनी उपासमार निघी ऱ्हायनी," ललित सांगायचा. "खाय बिनधास्त. आठे तुन्हा घास कोन्ही मोजत नहीं."

चार महिन्यांत ती न्हाणीत चक्कर येऊन पडली.

आता मात्र सोडायचं नाही. सासरी उपाशी ठेवलं असं डॉक्टरकडून लिहून घ्यायचं, कागद पोलिसात, मग सोडचिठ्ठी. तो तिला नंदुरबारला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आला.

"सासूनी माले आठेच आनेल व्हतं," चेतना बाकावर हळूच म्हणाली. "रिपोर्ट उना तधय माले भायेर बसाडं नि दोन्ही मझार बोलन्यात."

"पाय! पेशंटच भायेर!" ललित आणखी पेटला.

आत गेल्या गेल्या तो म्हणाला, "मॅडम, लिहून द्या. हिचे असे हाल कोणी केले, ते लिहूनच द्या."

डॉक्टरीणबाईंनी आजचा रिपोर्ट पाहिला. मग संगणकावर जुना काढला.

"जानेवारीत हिमोग्लोबिन साडेसहा. मे महिन्यात साडेनऊ. एकही बाटली न चढवता. शीलाबाईंनी करून दाखवलं होतं." त्यांचा आवाज चढला. "आणि आज साडेपाच? या मुलीच्या आतड्याला गहू म्हणजे विष आहे. मी त्यांना बजावलं होतं, भांडीसुद्धा वेगळी ठेवा. ठेवली त्यांनी. मग हिला गहू चारला कोणी?"

चेतनाने भावाकडे पाहिलं.

"सासूनेच, मॅडम," ललित म्हणाला.